शंका-समाधान: नीतिशास्त्राचा निबंध

प्रश्न: 'खोटं बोलणं कधी योग्य ठरतं का?' या विषयावर १५०० शब्दांचा निबंध होता. कांट आणि मिल, दोन्ही तत्त्वज्ञांची मतं सविस्तर लिहिली. शेरा आला, 'युक्तिवाद नाही'. काय चुकलं?

उत्तर: मतं शेजारी शेजारी मांडली की नुसता गोषवारा होतो. पहिल्याच परिच्छेदात तुमचं उत्तर एका वाक्यात लिहा: 'निरपराध माणसाचा जीव वाचवायला खोटं बोलणं योग्य आहे, कारण…' हे 'कारण' पुढे सुचत नसेल तर लिहायला बसू नका, आणखी वाचा.

खोटं बोलण्याच्या तथाकथित हक्कावरचा कांटचा १७९७ चा लेख मुळातूनच वाचा, तो छोटा आहे. दारात मारेकरी, घरात लपलेला मित्र, तरीही खोटं बोलू नये असं तो म्हणतो. बहुतेक विद्यार्थी इथे 'कांट कठोर आहे' एवढंच लिहून पुढे जातात आणि गुण तिथेच जातात. त्याची कारणं लिहा: खोट्याने माणसाच्या शब्दावरचा विश्वास जातो आणि करारावर उभे असलेले हक्क डळमळतात, शिवाय मित्र तुमच्या नकळत आधीच निसटला असेल आणि तुमच्या खोट्यामुळे मारेकऱ्याला बाहेर सापडला, तर तुमच्या खोट्याच्या परिणामांची जबाबदारी तुमच्यावर येते.

आता यातलं एकच कारण खोडा, त्यावर कांट काय म्हणेल तेही लिहा. यालाच निम्मे शब्द द्या. मिलला दोनशे पुरेत. प्रस्तावना शेवटी पुन्हा लिहा.