सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्सच्या ट्रेनिंगला) जायच्या आधी स्पिनची भीती वाटते, स्पिन ट्रेनिंग घ्यावंच का?

तुम्ही लिहिलंय की स्पिनचे व्हिडिओ बघून झोप उडालीय. मी फोंड्याचा, ट्रेनिंग महाराष्ट्रात सेसना १५२ या छोट्या विमानावर झालं, आणि माझं म्हणणं, इन्स्ट्रक्टरसोबत एकदा तरी स्पिन कराच.

स्टॉल म्हणजे पंखांची उचल तुटणं. तो होताना नाक बाजूला वळत असलं की एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल होतो, तो पडतो आणि विमान त्याच बाजूला गरगरत खाली यायला लागतं. माझ्या पहिल्या वेळी स्टॉल वॉर्निंगची ती पिपाणी वाजली, डावा पंख सटकन गेला आणि काचेत आकाशाच्या जागी शेतं फिरायला लागली. मी काय केलं, तर कंट्रोल पोटाशी ओढला आणि उजवीकडे वळवला. दोन्ही चूक! ओढून धरलं तर स्टॉल सुटतच नाही, आणि एलेरॉनने (पंखाच्या टोकाकडची फळी, कंट्रोल डावी-उजवीकडे वळवला की हलते ती) पडलेला पंख उचलायला गेलं की तो अजूनच स्टॉल होतो. पावसात चोर्ल्याच्या घाटात स्कूटर घसरली की हात आपोआप ब्रेक आवळतो ना, तसंच झालं. पाठ सगळं होतं, हाताला माहीत नव्हतं.

करायचं एवढंच, थ्रॉटल बंद, एलेरॉन सरळ, फिरतंय त्याच्या उलट पूर्ण रडर (पायाने दाबायचा, नाक डावी-उजवीकडे वळवणारा), मग कंट्रोल ठामपणे पुढे, फिरणं थांबलं की रडर सरळ करून हळूच वर काढायचं. स्पीडच्या काट्याकडे बघा, स्पिनमध्ये तो खालीच राहतो, भराभर वाढत असेल तर तो स्पायरल, म्हणजे स्टॉल न होता वळत वळत खाली जाणं, त्याचा उपाय वेगळा.

पण खरी भीती वेगळीकडे आहे. १५२ ला एका फेरीतून बाहेर यायला साधारण १००० फूट लागतात आणि फायनलच्या वळणावर, म्हणजे उतरायला रनवेच्या सरळीत येताना, तुम्ही ५०० फुटांच्या आसपास असता. रनवे हुकतोय म्हणून रडर जास्त दाबला, नाक वर ओढलं, तर स्पिन लागू शकतो, आणि तिथे रिकव्हरी येत असून उपयोग नाही. अमेरिकेत १९४९ मध्ये प्रायव्हेट पायलटचा सक्तीचा स्पिन काढून भर स्टॉल ओळखण्यावर दिला तो याचसाठी, तरी तिथे इन्स्ट्रक्टर व्हायला स्पिन अजून लागतोच.

आणि मॅन्युअल बघितल्याशिवाय कुठल्याही विमानात करू नका, सेसना १७२ मध्ये मागची सीट भरलेली असताना तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात सरांना सांगा, उंचावर नेऊन मला ते फायनलचं चुकलेलं वळण दाखवा.