दलवाई हे आडनाव मुसलमानांमध्ये कुठून आले? ते अरबी आहे का?

आपण विचारले आहे की दलवाई हे आडनाव अरबी आहे का, ते कोकणातल्या मुसलमानांकडे कसे आले आणि हमीद दलवाईंखेरीज ते आणखी कोणी लावत असे. माझे आजोळ चिपळूण तालुक्यातले असल्यामुळे हे आडनाव मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि माझाही बरीच वर्षे असाच समज होता की ते अरबस्तानातून गलबतावर बसून आले असावे. प्रत्यक्षात ते अरबी नाही आणि फारसीही नाही.

‘दळ’ म्हणजे सैन्य हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. दळभार हा शब्द आपल्या जुन्या कवितेत जागोजागी आढळतो. कन्नडमध्ये सेनापतीला ‘दळवायी’ म्हणत आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांमध्ये ते रीतसर पद होते. सोळाव्या शतकात मदुरेच्या नायकांकडे अरियनाथ मुदलियार दळवाय होते. म्हैसूरमध्ये अठराव्या शतकात देवराज आणि नंजराज या दोन दळवायांनी वोडेयार राजांना नावापुरते ठेवून सारा कारभार आपल्या हाती घेतला होता, आणि हैदर अलीचा उदय झाला तो याच नंजराजाच्या हाताखाली. त्रावणकोरमध्ये हाच शब्द ‘दळवा’ असा झाला व दिवाणाच्या पदाला लागला. १८०९ मध्ये इंग्रजांविरुद्ध कुंडरा येथे जाहीरनामा काढणारे वेलू थंपी हे तिथले दळवा. हे सगळे दळवाय हिंदू होते, हे मुद्दाम नोंदवतो. पद धर्म पाहून मिळत नसे, त्यामुळे पदावरून पडलेले आडनावही एका धर्माचे राहिले नाही. मराठीतले ‘दळवी’ त्याच ‘दळ’ शब्दातून आले आहे आणि कोकणात दळवी हिंदूही आहेत, मुसलमानही.

कोकणी मुसलमानांची बरीचशी आडनावे अशीच आहेत. खोत, मुकादम, चौगुले, देसाई, नाईक ही गावगाड्यातली किंवा राज्यकारभारातली पदे होती, आणि ज्या घराकडे पद होते त्या घराला, मग ते नमाज पढणारे असो की पूजा करणारे, ते नाव चिकटले. दाभोळ-चिपळूण हा पट्टा आधी बहमनी आणि नंतर विजापूरच्या आदिलशाही अमलाखाली होता, आणि विजापूर हा कन्नड मुलूख. म्हणून लष्करी पदाचा कन्नड शब्द घाट उतरून आला असावा, असा माझा तर्क आहे. ‘ळ’ जाऊन ‘ल’ कसा झाला याचे उत्तर बहुधा लिपीत सापडेल, कारण उर्दू लिपीत ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षरच नाही.

हे आडनाव महाराष्ट्रभर पोहोचवले ते अर्थात हमीद उमर दलवाई यांनी. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावी १९३२ साली त्यांचा जन्म झाला. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात ते वाढले, पुढे ‘मराठा’ दैनिकात पत्रकारिता केली आणि मराठीत कथा-कादंबरीलेखन केले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांवर बंदी यावी म्हणून १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, त्यात अवघ्या सात जणी होत्या. सेनापती असा अर्थ असलेल्या आडनावाच्या माणसाने उभे केलेले हे दळ! २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. ‘सत्यशोधक’ हा शब्द त्यांनी जोतीराव फुल्यांकडून घेतला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मूत्रपिंडाच्या विकाराने ३ मे १९७७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्यावर विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी पुढे चार दशके हे काम चालू ठेवले. जून २०१७ मध्ये त्या गेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला.

राजकारणात मात्र एकाच नावाचे दोन दलवाई आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. थोरले हुसेन दलवाई हे वकील. ते खेडचे आमदार होते, राज्याचे कायदामंत्री झाले आणि १९८४ च्या निवडणुकीत रत्नागिरीतून लोकसभेवर गेले. शंभरीच्या उंबरठ्यावर, २०२२ मध्ये, त्यांचे निधन झाले. धाकटे हुसेन दलवाई हे हमीद दलवाईंचे बंधू; ते २०११ पासून २०२० पर्यंत राज्यसभेचे सदस्य होते. दोघेही काँग्रेसचे आणि दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यामुळे जुन्या बातम्या वाचताना साल पाहूनच कोणते हुसेन दलवाई ते ठरवावे.