ममी म्हणजे ‘मसाला भरलेले प्रेत’?

प्रश्न असा : इजिप्तच्या राजांच्या ममीला मराठीत ‘मसाला भरून ठेवलेले प्रेत’ म्हणतात, ते बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणावे?

‘मसाला’ अरबीतून आला. कोणत्याही कामाला लागणारे सामान हा त्याचा जुना अर्थ. ‘मालमसाला’त तो अजून शाबूत आहे. त्या अर्थाने प्रयोग चुकीचा नव्हता. पण आजच्या वाचकाला लवंग-दालचिनी आठवते आणि प्रेत त्यानेच टिकले असे वाटते. ते टिकले खाराने.

डाव्या कुशीला चीर देऊन यकृत, फुफ्फुसे, जठर, आतडी काढत. हृदय जागीच ठेवत, कारण परलोकातल्या न्यायनिवाड्यात तेच तराजूत पडायचे. मग शव नेट्रॉनमध्ये पुरत. नेट्रॉन म्हणजे कैरोच्या वायव्येला वादी नत्रून इथे मिळणारा नैसर्गिक खार : सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि थोडे मीठ. तो कोरडाच लागतो. पाण्यात कालवला तर शव सुकत नाही, वरची कातडी सुटू लागते. 1994 साली अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रॉन वेड या संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या शवावर हा प्रयोग केला, तेव्हा अडीचशे किलोहून अधिक नेट्रॉन आणि 35 दिवस लागले. प्राचीन विधी एकूण 70 दिवसांचा. उरलेले दिवस तेल, राळ आणि लिननच्या पट्ट्यांचे.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने या क्रियेला जे ग्रीक क्रियापद वापरले, तेच मासे खारवण्यालाही वापरत. म्हणून मला ‘खारवून सुकवलेले शव’ हे वर्णन सर्वांत नेमके वाटते. राजाच्या संदर्भात ‘खारवणे’ खटकेल, पण काम तेच होते.

सुगंधी द्रव्ये पोटात भरत, हेही खरे. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या नाकात तर चक्क काळे मिरे सापडले, आणि मिरी दक्षिण भारतातली! तेवढ्यापुरता ‘मसाला’ शब्दशः खरा. ‘पेंढा भरलेले’ मात्र लिहू नये. पेंढा भरतात तो सोललेल्या कातड्यात; इथे हाडे, स्नायू, कातडी सगळे मूळचेच असते.

‘ममी’च्या मुळाशी फारसी ‘मोम’ (मेण) आणि त्यावरून आलेला ‘मूमिया’ (डांबर) आहे. राळेने काळे पडलेले शव डांबरात बुडवल्यासारखे दिसे, म्हणून हे नाव पडले. ही राळ जास्त झाली की घात करते. तुतानखामुन राजाच्या शवावर ती इतकी ओतली होती की पट्ट्या जळल्यासारख्या काळ्या, ठिसूळ झाल्या आणि शव सोन्याच्या पेटीला चिकटले. 1925 मध्ये ते तुकडे करूनच बाहेर काढावे लागले.

तेव्हा नाम ‘ममी’च ठेवावे, स्त्रीलिंगी, अनेकवचनातही ‘ममी’च. क्रियेसाठी ‘शव खारवणे’ किंवा ‘शवरक्षण’ लिहावे, आणि ‘लेप’ फक्त राळ-तेलाच्या टप्प्याला.