आजोबांना डावीकडचं दिसत नाही, आणि नातीचं गणित

प्रिय ताई,

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे. पक्षाघातानंतर तिच्या आजोबांचे डोळे तपासणीत उत्तम निघाले, तरी डावीकडचं दिसेनासं झालं. ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मेंदूच्या उजव्या भागात, मागे इजा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, “ती जागा सगळ्यांच्या मेंदूत एकाच ठिकाणी असते का?” आता तिला मेंदूच शिकायचाय, आणि क्लासचे सर म्हणतात, नीटला गणित लागत नाही, सोडून द्या.

गणित सोडू देऊ नका. कारण तिच्याच प्रश्नात आहे.

दृष्टीचं पहिलं केंद्र मेंदूच्या मागच्या टोकाला, कॅल्करीन नावाच्या खाचेत असतं. हे जवळजवळ सगळ्यांत सारखं. डावीकडचं दृश्य उजव्या मेंदूत उमटतं, वरचं दृश्य खाचेच्या खालच्या काठावर. पण या केंद्राचं क्षेत्रफळ दोन निरोगी माणसांत दुपटीनेही वेगळं असू शकतं. हालचाल ओळखणारा भाग तर मेंदूच्या नुसत्या घड्या पाहून नेमका दाखवता येत नाही, माणसागणिक तो थोडा सरकतो. म्हणून एमआरआयमध्ये हलते ठिपके दाखवून तो शोधतात. मग सुरकुतलेला पृष्ठभाग संगणकावर उलगडायचा, एकाचा नकाशा दुसऱ्याशी जुळवायचा. ही सगळी भूमिती आणि संख्याशास्त्र.

तात्सुजी इनोये या जपानी नेत्रवैद्याची गोष्ट तिला जरूर सांगा. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार गेलेले सैनिक त्याने तपासले. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली यावरून तिचा मार्ग काढला आणि दृष्टीचा कोणता भाग गेला त्याच्याशी ताडून पाहिला. नजरेच्या मध्यबिंदूला मेंदूत फार मोठी जागा मिळते, हे त्याने १९०९मध्ये मांडलं. हातात होती ती मोजमापं.

आता वाटा. रुग्ण बघायचे असतील तर एमबीबीएस करून पुढे न्यूरॉलॉजी किंवा नेत्रविज्ञान. नाहीतर ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासण्याचं शिक्षण, जे आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. पण तिचा प्रश्न संशोधकाचा आहे, म्हणून मी आयसरची (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी आधी सुचवेन. तिच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही असतात. पुढे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था किंवा मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. पीएचडी धरून दहाएक वर्षं जातील, हे घरात आत्ताच बोलून घ्या.

नीट तिने द्यावी, हरकत नाही. चारही विषय ठेवून अभ्यास जड जाईल, पण दोन्ही दारं उघडी राहतील.

आणि या रविवारी, आजोबांची तयारी असेल तर, तिला एक काम द्या. प्रत्येक डोळ्यासाठी भिंतीवर वेगळा कागद लावून, मध्ये ठिपका काढून आजोबांना, एकेक डोळा झाकून, त्यावर नजर ठेवायला सांगायचं. पेन्सिल कडेकडून आत आणायची, आणि ती दिसू लागेल तिथे खूण करायची. दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी ठेवून तिला बघू दे. ते कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडेही न्या.