आपल्या डॉक्टर संघटनेच्या नव्या सचिवांसाठी

अभिनंदन डॉक्टर! पहिल्या वर्षी सगळेच बारा महिने बारा कार्यक्रम आखतात. मीही आखले, पाच झाले. तुम्ही चारच घ्या.

- 14 नोव्हेंबरचं मधुमेह शिबिर आत्ताच ठरवा. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरणारे आयते भेटतात. पण उपाशीपोटी तपासायचं तर चहाच्या गाडीपासून लांब टेबल मांडा, हे मी अनुभवाने सांगतोय. ग्लुकोमीटरवर 126 च्या वर आकडा दिसला की लगेच 'शुगर आहे' म्हणू नका, लॅबची चिठ्ठी द्या. आणि फोन नंबर लिहून घ्या, नाहीतर उरतात नुसते फोटो.
- सीएमईला (डॉक्टरांच्या सततच्या वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला) आधी वैद्यकीय परिषदेकडे क्रेडिट गुणांचा अर्ज, मग हॉल.
- जुलै-ऑगस्टात शिरोळकडे काही नको, पंचगंगेचा पूर विचारून येत नाही.

प्रायोजकांचं नंतर बघू.