रूळ उखडले, सायकली आल्या : आल्प्समधल्या मोटारमुक्त वाटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं पन्नाशीचे. साल्झबुर्गहून निघून सायकलनेच दक्षिणेला समुद्रापर्यंत जायचं मनात आहे. सामान सायकलवर, आणि मोटारींची सोबत शक्यतो नको. पण मध्ये आल्प्सची मुख्य रांग आडवी येते. ती चढणं आम्हाला झेपेल का?

उत्तर : ती चढायचीच नाही, तिच्या पोटातून जायचं. तुम्ही म्हणता तो मार्ग म्हणजे आल्पे-आड्रिया सायकलमार्ग. साल्झबुर्ग ते आड्रियाटिक किनाऱ्यावरचं ग्राडो, सुमारे ४१५ किलोमीटर. सुरुवात साल्झाख नदीच्या काठाने होते : हालाइन, गोलिंग, बिशोफ्सहोफेन, श्वार्त्साख. तिथून गास्टाइनच्या खोऱ्यात शिरून बॉक्श्टाइनपर्यंत चढायचं. पुढे डोंगराखालून १९०९ साली सुरू झालेला साडेआठ किलोमीटरचा रेल्वे बोगदा आहे. मोटारी वाहून नेणारी गाडी त्यातून सायकलीही नेते आणि साधारण दहा-बारा मिनिटांत पलीकडे मालनित्सला सोडते. मग म्योल खोऱ्यात उतार, श्पिटाल, द्रावा नदीकाठाने फिलाख, आणि तार्विझिओजवळून इटलीत प्रवेश.

‘मोटारमुक्त’ ही पाटी मात्र अक्षरशः घेऊ नका. नदी रुंद असते तिथे सायकलला वेगळी पट्टी मिळते. दरी अरुंद झाली की रस्ता, रेल्वे आणि सायकल एकाच फटीत कोंबलेली असतात. या मार्गावर अशा दोन जागा आहेत. गोलिंगनंतरची पास लुएग ही अरुंद घळ पहिली. तिथे मोटारींच्या रस्त्यावरून जावं लागतं. नको वाटलं तर गोलिंगहून रेल्वेने वेर्फेन गाठा, त्यात काही कमीपणा नाही. दुसरी जागा गास्टाइन खोऱ्याच्या तोंडाशी, क्लामश्टाइनला. तिथे धोक्यापेक्षा मोटारींच्या आवाजाचाच त्रास जास्त. बाड गास्टाइनमध्ये शिरतानाचा चढ छोटा पण उभा आहे. ढकलत नेलीत तरी अर्ध्या तासाचा प्रश्न.

खरी मेजवानी तार्विझिओच्या पुढे आहे. उदिने ते पोंतेब्बा हा १८७९ सालचा लोहमार्ग. डोंगरातल्या नव्या बोगद्यांतून नवा मार्ग झाल्यावर जुना सोडून दिला गेला आणि त्याच्या पट्ट्यावर डांबर पडलं. वाफेच्या इंजिनांना शंभराला दोन-अडीचपेक्षा जास्त चढ झेपत नसे, त्यामुळे उतार कुठेही अंगावर येत नाही. लोखंडी पूल, दिवे असलेले बोगदे, कियुझाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात कॉफी. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे अशीच ठेवा, म्हणजे इथे उतार तुमच्या बाजूचा. पण निघा सकाळी. उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर खोऱ्यातला वारा खालून वर वाहतो आणि उतारावरही पायडल मारायला लावतो.

मोज्जोच्या पुढे व्हेंझोने-जेमोनाच्या बाजूला काही तुकडे राष्ट्रीय रस्ता क्र. १३ वर येतात. पुढे सगळं सपाट : उदिने, नऊ टोकांच्या ताऱ्यासारखी तटबंदी असलेलं पाल्मानोव्हा, आक्विलेया आणि खाडीतल्या बांधावरून ग्राडो. आठ दिवस धरा, पावसासाठी नववा राखून ठेवा. परतीला उदिने ते फिलाख सायकली नेणारी प्रादेशिक रेल्वे मिळते. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. ऑस्ट्रियाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलसाठी जागा आधी राखावी लागते, आणि उन्हाळ्यात ती लवकर संपते.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढच्या दोन चकत्यांना ५०/३४ आणि मागच्यांना ११ ते २८ दाते आहेत. घरच्या चढांना पुरतं. सामानासह आल्प्समध्ये पुरेल का?

उत्तर : जुन्या लोहमार्गांवर पुरेल, बाकी नाही. हिशेबच करून बघा. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. पुढे ३४, मागे २८ या सर्वांत हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेरीत सायकल २.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या, म्हणजे पाय जेमतेम फिरता ठेवायचा म्हटला, तरी वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या खाली आणता येत नाही. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरलं, तर ८ टक्के चढावर या वेगाला सुमारे २४० वॅट लागतात. एवढा जोर तासभर लावणारे थोडे. मग फेऱ्या ४०वर येतात आणि गुडघे बोलू लागतात.

मागे ३६ दाते लावले तर हाच आकडा १९०च्या आसपास येतो. पुढेही २६ केले तर १४५. तिथे गप्पा मारत चढता येतं. पण तुमच्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यांवर) ३४च्या जागी २६ची चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी चकती, बसत नाही, कारण बोल्टांचं वर्तुळ मोठं आहे. पूर्ण क्रँकसेटच बदलावा लागतो. आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला. त्यापूर्वी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, कमाल किती दाते घेतो ते बघा. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर सहसा ३६ घेत नाही.

कॅसेट बदलून साखळी जुनीच ठेवणं ही नेहमीची चूक. चुकून पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती लागली की आखूड साखळी ताणते आणि डिरेलर फ्रेमला अडकवणारा हँगर वाकवते किंवा मोडते. नवी साखळी मापताना ती डिरेलरमधून न ओवता दोन्ही मोठ्या चकत्यांवरून गुंडाळा आणि जुळेल तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. हँगर मात्र एक जादा न्याच. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा उसना चालत नाही.

प्रश्न : मुलं ९ आणि १२ वर्षांची. एका दिवसाची सोपी सहल सुचवा.

उत्तर : इटलीतलं सान कान्दिदो ते ऑस्ट्रियातलं लिएन्झ, द्रावाच्या काठाने. ४४ किलोमीटर, उंची ११७५ मीटरवरून ६७३वर. जवळजवळ सगळा उतार आणि वेगळी वाट. जुलै-ऑगस्टमध्ये भाड्याच्या सायकलींची इतकी गर्दी होते की मुलांना धोका मोटारींचा नाही, मागून येणाऱ्या सायकलींचा. लवकर निघा. ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. परतीच्या रेल्वेच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

प्रश्न : इटलीतल्या दोलोमिती डोंगरांतली जुनी रेल्वेची वाट २८ मिलिमीटरच्या टायरवर होईल का?

उत्तर : अर्धी होईल. दोब्बियाको–कोर्तिना–कालाल्त्सो ही अरुंद रुळांची रेल्वे पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधली गेली आणि १९६४ साली बंद पडली. वाट साधारण ६० किलोमीटरची. कोर्तिनाच्या पुढे कालाल्त्सोपर्यंत डांबर आहे. दोब्बियाको ते कोर्तिना मात्र खडी आणि मुरूम. १२१० मीटरवरून चिमाबांके खिंडीच्या १५३० मीटरपर्यंत चढ इतका सौम्य की तो चढ आहे हे घामावरूनच कळतं. खडीसाठी ३७ ते ४२ मिलिमीटर टायर घ्या. सामान लादलेल्या ४० मिलिमीटर टायरला मागे ३ आणि पुढे अडीच बार हवा पुरते. २८ मिलिमीटरला खडीवर ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात आणि तुम्ही उगाच काटा शोधत बसता. हिवाळ्यात याच पट्ट्यावर बर्फावरची स्की चालते, तेव्हा मेअखेरीआधी जाऊ नका.

प्रश्न : मोबाइलवरच्या अ‍ॅपने ऑस्ट्रियात जंगलातून छान रिकामा रस्ता दाखवला. तिथे फाटक आणि मनाईचा फलक होता. बाजूने जायला हरकत आहे का?

उत्तर : आहे. १९७५च्या वनकायद्याने ऑस्ट्रियाच्या जंगलात पायी फिरायची मोकळीक आहे, सायकलला मात्र मालकाची परवानगी लागते. सायकलसाठी खुले म्हणून फलक लावलेलेच वनरस्ते वापरा. अ‍ॅपला रिकामा रस्ता दिसतो, कायदा दिसत नाही. जाता जाता : निळा गोल फलक म्हणजे सायकलची वाट सक्तीची, निळा चौकोनी म्हणजे ऐच्छिक.

प्रश्न : लांब उतारावर डिस्क ब्रेक आधी किंचाळला, मग दांडा मुठीपर्यंत येऊ लागला. तेल कमी झालं का?

उत्तर : बहुधा ब्रेक तापला. मालनित्सहून म्योल खोऱ्यात रस्ता सुमारे ५०० मीटर उतरतो. १०५ किलोंच्या हिशेबाने त्यातून निघणारी ऊर्जा दीड लिटर पाणी उकळायला पुरेल. हळू उतरलात तर हवा फारसं रोखत नाही, म्हणजे जवळजवळ सगळी उष्णता शे-दीडशे ग्रॅमच्या तबकड्यांत जाते. ब्रेक सतत चिकटवून ठेवला की तबकडीला थंड व्हायला उसंतच नाही. ब्रेकच्या पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि उष्णता तेलापर्यंत गेली तर त्यात वाफ होऊन दांडा मऊ पडतो.

वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा, मग पूर्ण सोडा. सरळ पट्ट्यात वारा लागू द्या. दांडा मऊ पडला की थांबा, दहा मिनिटं निवू द्या, पाणी ओतू नका, तबकडीला बोट लावू नका. थंड झाल्यावर दांडा पूर्ववत आला तर ठीक. नाही आला तर तेलात हवा शिरली आहे, ब्लीड करून, म्हणजे ती हवा काढून घ्या. चकाकणारे पॅड बारीक सँडपेपरवर घासून पुन्हा लावा आणि ताशी २५ किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत दहा-पंधरा वेळा ब्रेक लावून बसवून घ्या. तेलकट झालेले मात्र टाका. घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचे, आणि पावसात तो फार झपाट्याने उतरतो. प्रत्येक चाकामागे एक जोडी जवळ असू द्या. जुन्या रिम ब्रेकवाल्यांनी अधिक जपावं. रिम तापून ट्यूब फुटते, तीही नेमकी उतारावर.

प्रश्न : इटलीतली स्तेल्व्हिओ खिंड मोटारींशिवाय चढता येते का?

उत्तर : वर्षातून एखादा दिवस. उन्हाळ्याच्या अखेरीस ती मोटारींना बंद ठेवतात. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून प्रवास ठरवण्याआधी ती बघा. प्रातो गावाच्या बाजूने २४ किलोमीटर, ४८ वळणं, १८०० मीटरची चढण, माथा २७५७ मीटरवर. दोलोमितीतल्या सेल्ला डोंगराभोवतीच्या चार खिंडींसाठीही असे दिवस असतात. तो फेरा ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. एक लक्षात ठेवा : रस्ता ठरावीक तासांपुरताच बंद असतो. उशिरा पोहोचलात तर उतरताना मोटारी समोरून येतात. वर हवा गार असते, तेव्हा विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात ठेवा, आणि बोगद्यांसाठी दिवे व परावर्तक जाकीटही. इटलीत सायकलस्वाराला बोगद्यात, तसंच वस्तीबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, ते जाकीट कायद्यानेच घालावं लागतं.