वाचक विचारतात: सोलरवर पॉवर बँक भरायला एवढा वेळ का लागतो?

प्रश्न: मी २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली, तिच्या पाठीवरच सोलर पॅनेल आहे. दोन दिवस कडक उन्हात ठेवली तरी चारातला एकच लाइट लागला, आणि उचलायला गेलो तर चटका बसला. पीस खराब आलाय का? बदलून मागू?

उत्तर: बदलून मागून काही उपयोग नाही, नवीन पीसही असाच चालणार. पॅनेल बहुतेक ठीकच असेल, फक्त बॅटरीच्या मानाने ते अगदीच छोटं आहे. हिशोब करून बघा ना, आतल्या लिथियम सेलचा व्होल्टेज ३.७ धरतात, म्हणजे २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॉट-तास. आणि तळहाताएवढं पॅनेल भर दुपारी देणार किती, तर १ ते दीड वॉट. काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ५० तास झाले, आणि दिवसातलं खरं कामाचं ऊन चार-पाच तासांचंच असतं, त्यामुळे दहा दिवस तर सहज जातात, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. चमच्याने हौद भरायचा प्रकार आहे हा. माझं स्पष्ट मत, पाठीवरचं पॅनेल हे फार तर अडीअडचणीला एखादा फोन करण्यापुरतं, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.

पण चटका बसला म्हणालात ते जास्त काळजीचं आहे. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सांगतात, आणि काळी पॉवर बँक उन्हात ठेवली की ती हा आकडा कधीच ओलांडते. काही बँका गरम झाल्या की आपोआप चार्जिंग बंद करतात (तुमचा एकच लाइट लागायचं हेही कारण असू शकतं), काही करत नाहीत आणि मग सेल लवकर म्हातारा होतो किंवा फुगतो. फुगलेली दिसली तर दाबून बसवायला जाऊ नका, चार्जही करू नका, सरळ ई-कचऱ्यात द्या. चांगली असेल तर भिंतीवरच्या चार्जरवर भरून वापरत राहा.

प्रश्न: मग वेगळं फोल्डिंग पॅनेल घेतलं तर? माझ्या मैत्रिणीकडे २० वॉटचं आहे, पण ढग आला की तिची पॉवर बँक चार्ज व्हायची थांबते आणि ऊन परत आलं तरी सुरूच होत नाही म्हणे.

उत्तर: फोल्डिंग पॅनेल हाच खरा मार्ग, कारण पॅनेल उन्हात आणि बॅटरी सावलीत असं करता येतं. पॅनेलच्या मागेच जी सावली पडते तिथे बँक ठेवायची, झालं. फक्त २० वॉट हा आकडा लॅबमधला असतो, सेल २५ अंशांवर आणि ऊन एकदम खडखडीत असताना मोजलेला. उन्हात पॅनेल तापतं, तापलं की वॉट उतरतात, त्यामुळे हातात १२-१४ वॉट आले तरी खूश व्हा. शिवाय ५ व्होल्टच्या एका यूएसबी पोर्टमधून बहुतेक वेळा १२ वॉटच्या वर काही निघत नाही आणि बऱ्याच बँका तर १० वॉटच आत घेतात. १०,००० एमएएचची बँक चांगल्या उन्हात साडेचार-पाच तासांत भरली तर सगळं नीट चाललंय समजा.

ढगाचं म्हणाल तर होतं असं की सावली आली की पॅनेलचा व्होल्टेज पडतो, बँकेला वाटतं चार्जर कमजोर आहे, ती करंट कमी करते नाहीतर बंदच करते, आणि ऊन आल्यावर परत वाढवायचं तिच्या लक्षातच येत नाही. केबल काढून पुन्हा लावली की सुरू. स्वतःहून पुन्हा सुरू होणारी पॅनेलं मिळतात, घेताना ते विचारून घ्या. फोन मात्र पॅनेलला थेट लावू नका, तो दर ढगाला चार्जिंग चालू-बंद करत बसतो, त्यापेक्षा दिवसा बँक भरा आणि रात्री बँकेवरून फोन.

अजून दोन गोष्टी. केबल छोटी आणि जाड तारेची घ्या, बारीक लांब केबलमध्ये ५ व्होल्टातला अर्धा-एक व्होल्ट वाटेतच जातो. आणि पॅनेलवर पेन्सिल उभी धरून बघा, तिची सावली जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत पॅनेल कलवत राहायचं, म्हणजे ते बरोबर सूर्यासमोर आलं. दुपारनंतर परत एकदा फिरवावं लागतं. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी आउटपुट फार पडतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. खिडकीच्या काचेआडही तेच रडगाणं.

प्रश्न: घरात १२ व्होल्टचं जुनं पॅनेल पडलंय, त्याला यूएसबीची वायर जोडून चालेल का?

उत्तर: थेट जोडाल तर बँक जाईल! १२ व्होल्टचं म्हणतात पण चालताना ते १८ व्होल्टच्या आसपास देतं आणि काही जोडलेलं नसताना २१-२२. मध्ये गाडीचा यूएसबी चार्जर टाका, १२ ते २४ व्होल्ट लिहिलेला, फक्त १२ लिहिलेला नको. त्याचं सॉकेट वेगळं मिळतं. जोडण्याआधी मल्टिमीटरवर प्लस-मायनस बघून घ्या, सॉकेटच्या मधली पिन प्लस असते.